रोजच ‘फक्त 10 डबे उरले’ म्हटलं की काय होतं

वाचकाचं पत्र: ‘मी नागपूरच्या मानेवाड्यात राहते. तीन वर्षांपासून घरून संत्रा बर्फी करून विकते. पाव किलोचा डबा 220 रुपये. गुरुवार, शुक्रवार, शनिवार बर्फी करते, दिवसाला दोन घाणे. एका घाण्यात तीन किलो माल निघतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर 180 लोक आहेत. दिवाळीत एकदा “फक्त 10 डबे उरले” असा मेसेज टाकला तर अर्ध्या तासात सगळे गेले. मग दर दोन दिवसांनी तोच मेसेज टाकू लागले. आता तीन-चार ऑर्डरच्या वर काही येत नाही, आणि परवा एका काकूंनी ग्रुपवरच विचारलं, “मंगळवारी पण दहाच होते ना?” मावसभाऊ म्हणतो, वेबपेज करू, त्यावर उलटं चालणारं घड्याळ लावू आणि “आत्ता 14 जण पाहत आहेत” असं दाखवू. करू का?’

ताई, नमस्कार.

घड्याळ लावू नका. त्याचं कारण पुढे येईलच, पण आधी त्या काकूंचा प्रश्न. त्यांनी उघड विचारलं म्हणून तुम्हाला कळलं. ग्रुपमधल्या बाकीच्यांनी तोच हिशेब मनात केला आणि तुमचे मेसेज वाचणं सोडून दिलं. ‘आज घेतलं नाही तर संपेल’ असं तुम्ही म्हणालात, दोन दिवसांनी पुन्हा तेच डबे तेवढेच निघाले. म्हणजे थांबलं तरी काही बिघडत नाही, हे तुम्हीच प्रत्येक मेसेजगणिक लोकांना शिकवत गेलात. ‘लांडगा आला रे आला’ तला गुराखी याहून वेगळं काही करत नव्हता.

तरी मावसभावाचं मूळ म्हणणं खोटं नाही. वस्तू कमी आहे असं दिसलं की माणसाचा हात लवकर पुढे येतो. 1975 साली अमेरिकेत स्टीफन वर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधा प्रयोग केला. काचेच्या बरणीत बिस्किटं. काहींसमोर 10 बिस्किटांची बरणी, काहींसमोर 2 बिस्किटांची. बिस्किटं दोन्हीकडे तीच. दोनच होती तिथे ती लोकांना जास्त हवीशी आणि जास्त किमतीची वाटली. काहींना आधी 10 ची बरणी दाखवून ती बदलून 2 ची दिली, त्यांची ओढ आणखी वाढली. बाकीच्यांनी खूप घेतली म्हणून बरणी बदलावी लागली, असं ज्यांना सांगितलं, त्यांची ओढ सर्वांत जास्त होती. मात्र याच प्रयोगातली एक गोष्ट विक्री करणारे सहसा सांगत नाहीत: चवीला लोकांनी जास्त गुण दिले नाहीत. कमतरतेने बिस्किट हवंसं झालं, चविष्ट झालं नाही.

तुमच्या धंद्याला हे जसंच्या तसं लागू आहे. ‘कमी आहे’ हे वाक्य पहिला डबा विकून देतं. दुसरा डबा बर्फीनेच विकला पाहिजे. आणि कमतरता कशामुळे आली हे लोक बघतात. लोकांनी नेली म्हणून कमी पडली, तर ते वस्तूबद्दल चांगलं बोलणं झालं. तुम्ही आकडा लिहिला म्हणून कमी पडली, तर ते तुमच्याबद्दल वाईट बोलणं झालं. म्हणून मर्यादा कढईतून आली पाहिजे, मोबाईलमधून नाही. तुमच्या कढईत ती आहेच, तुम्ही फक्त ती मोजली नाही.

आता मोजू. तीन किलोच्या घाण्याचे हिशेबाने 12 डबे होतात. पण ताटात थापून वड्या पाडल्या की चारी बाजूंच्या कडा वाकड्यातिकड्या निघतात, त्या डब्यात घालता येत नाहीत. साधारण पाव किलो तिथेच जातं. म्हणजे घाण्याचे 11 डबे धरा. दोन घाणे, तीन दिवस: 66 डबे. त्यातले 4 तक्रार, फुटलेला डबा, वाटेत सांडलेला डबा यासाठी बाजूला. 2 डबे अशा माणसांसाठी ज्यांना नाही म्हणताच येत नाही, घरोघरी असे एक-दोन असतातच. उरले 60. हा तुमचा खरा आकडा. आठवड्याला 60, आणि 180 जणांचा ग्रुप. सरासरी एका घराने दोन डबे घेतले तरी फक्त 30 घरांना पुरेल एवढाच माल. खरी टंचाई तुमच्याकडे आधीपासून होती, तिच्यावर तुम्ही खोटी चढवलीत.

हे 60 एकदम, आठवड्यातून एकदाच, उघडपणे सांगा. सोमवारी संध्याकाळी 7 ला, जेव्हा लोक कामावरून येऊन मोबाईल हातात घेतात:

‘या आठवड्यात संत्रा बर्फीचे 60 डबे (पाव किलो, 220 रु.). ऑर्डर आज 7 पासून बुधवारी रात्री 9 पर्यंत. डबे शनिवारी संध्याकाळी 5 ते 8 किंवा रविवारी सकाळी 9 ते 11 मध्ये मिळतील. पुढची ऑर्डर पुढच्या सोमवारी.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते लिहिल्याने घाई कमी होईल अशी भीती वाटेल आणि थोडी होईलही. पण ज्याला या वेळी डबा मिळाला नाही त्याला केव्हा मिळेल हे त्यातून कळतं, आणि असा माणूस ग्रुप सोडून जात नाही. शिवाय ऑर्डर बुधवारी बंद झाली की गुरुवारी सकाळी खवा आणि संत्री नेमकी तेवढीच आणता येतात. पडून राहिलेला खवा नागपूरच्या उन्हाळ्यात काय होतो हे तुम्हाला सांगायला नको.

त्यानंतर फक्त दोन मेसेज. ‘30 गेले, 30 आहेत’ आणि ‘शेवटचे 10’. दोन्ही वही बघून. 10 उरले नसतील, 13 असतील तर 13 लिहा. गोल आकडा रोज यायला लागला की तो खोटा वाटू लागतो, खरा असला तरी.

ऑर्डर ग्रुपवरच, सगळ्यांसमोर टाकायला सांगा, एवढीच: ‘3, त्रिमूर्ती नगर’. घरचा पत्ता वेगळा, तुम्हाला एकटीला. यादी डोळ्यांसमोर वाढताना दिसते तेव्हा बरणीतली बिस्किटं कोणीतरी खातंय हे लोकांना सांगावं लागत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये हे होत नाही, तिथे एकाची ऑर्डर दुसऱ्याला दिसत नाही. शिवाय एका यादीत 256 नंबरच बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्याला मेसेज पोहोचतच नाही. म्हणून ग्रुपच ठेवा. आणि बहिणीला, वहिनीला खोट्या ऑर्डर टाकायला सांगू नका. मानेवाड्यात कोण कोणाचं आहे हे लोकांना माहीत असतं.

60 भरले की 61 व्या माणसाला ‘संपले’ एवढंच लिहून सोडू नका. ‘भरलं. तुमचा प्रतीक्षेत नंबर 1, गुरुवारी सकाळी 10 पर्यंत कळवते’ असं लिहा. प्रत्येक ऑर्डरवर निम्मे, म्हणजे डब्याला 110 रुपये, यूपीआयने आधी घ्या. गुरुवारी 10 पर्यंत ज्याचे आले नाहीत त्याचे डबे प्रतीक्षेतल्याला जातील, हे सोमवारच्या मेसेजखाली एका ओळीत सांगून टाका. घाईत दिलेली ऑर्डर लवकर रद्द होते. लोकांना संधी निसटायला नको असते म्हणून ते ‘माझे 5’ लिहून ठेवतात आणि मग विचार करतात. नुकसानाची टोचणी त्याच मापाच्या फायद्याच्या आनंदापेक्षा जास्त लागते, हे डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 साली मांडलं. ‘संपेल’ हा शब्द त्याच टोचणीवर चालतो. ॲडव्हान्स मागितला की माणूस क्षणभर थांबतो, आणि जो राहतो तो खरा ग्राहक असतो.

या पद्धतीत बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी होतो. 60 भरल्यावर ओळखीचं कोणीतरी फोन करतं, ‘ताई, आमचे 4 बसवून द्या ना’. तुम्ही बसवता. मग आणखी दोघं. शनिवारी 72 डबे दारात दिसतात आणि ज्याला सोमवारी ‘भरलं’ म्हणून सांगितलं तो शेजारच्या घरातून ते पाहतो. त्यासाठीच ते 2 डबे बाजूला ठेवायला सांगितले. ते संपले की पुढच्या सोमवारी.

दुसरा बिघाड कढईत होतो. जास्तीच्या ऑर्डरसाठी घाणा मोठा केला की संत्र्याचा गर नीट आटत नाही. गर आधी साखरेसोबत आटवून घट्ट व्हावा लागतो आणि मग खवा, कारण पातळ आंबट रसात खवा पडला की फाटतो, रवाळ आणि चिकट होतो. तीच कढई, तोच गॅस, आणि गर दीडपट, म्हणजे पाणी उडायला वेळ निदान दीडपट लागतो. तेवढा धीर घाईत राहत नाही. गर सोलताना घाई झाली तर बिया आणि पांढरी साल आत राहते आणि आटवल्यावर कडवटपणा येतो, जो दुसऱ्या दिवशी आणखी जाणवतो. टंचाई दाखवून आणलेला नवा ग्राहक नेमका त्या आठवड्यात चिकट, कडवट बर्फी खातो. तो पुन्हा येत नाही.

उलट चूकही होते: आकडा मुद्दाम फार कमी ठेवणं. 180 जणांत 10 डबे म्हणजे निदान दीडशे लोकांना दर वेळी ‘नाही’ ऐकायला मिळतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात बजाज चेतकसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबत, कारण तेव्हा दुसरं काही सहज मिळत नव्हतं. पुढे पर्याय आले आणि रांगा संपल्या. संत्रा बर्फीला पर्याय बर्डीपासून इतवारीपर्यंत प्रत्येक चौकात आहेत. तुमच्या रांगेत लोक दोन आठवडे थांबतील, तिसऱ्या आठवड्यात जाता-जाता दुसरीकडून घेतील.

मागणी खरोखरच 60 च्या पुढे गेली, तर? सलग तीन आठवडे सोमवारी रात्रीच 60 भरले तर मागणी जास्त आहे असं समजा. एका आठवड्यावरून ठरवू नका, सणाचा आठवडा तर धरूच नका. मग दोन रस्ते. डब्यामागे 20 रुपये वाढवले तर 60 डब्यांचे आठवड्याला 1200 रुपये, काम तेवढंच. चौथा दिवस वाढवला तर 22 डबे. माल, गॅस, डबा मिळून 130 रुपये पडत असतील तर डब्याला 90 उरतात, म्हणजे 1980 रुपये, पण कढईसमोर आणखी एक अख्खा दिवस. 780 रुपयांच्या फरकासाठी तो दिवस द्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर आधी भाव वाढवून बघा आणि महिनाभराने चौथ्या दिवसाचा विचार करा.

भाव मात्र सणाच्या तोंडावर वाढवू नका. 1986 साली कानेमान, नेच आणि थेलर यांनी लोकांना विचारलं: बर्फवादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराने बर्फ उपसायच्या फावड्याचा भाव 15 डॉलरवरून 20 केला, हे योग्य का? 82 टक्के लोक अन्याय्य म्हणाले. अडचणीत भाव चढवला की गिऱ्हाईक ते लक्षात ठेवतं. तुम्ही पंधरा दिवस आधी लिहा: ‘1 तारखेपासून डबा 240, खवा आणि डब्यांचे भाव वाढल्यामुळे.’ कारण खरं असेल तेच लिहा.

तुमच्याकडे सर्वांत मोठी खरी टंचाई कोणती, ते तुम्ही पत्रात लिहिलंच नाही. संत्र्याचा हंगाम. संत्र्याला वर्षात दोनदा बहार येतो: अंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून डिसेंबरपर्यंत, मृग बहाराची फेब्रुवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. या दोन्हींच्या मध्ये आणि पुढे पावसाळाभर कळमन्याच्या बाजारात आपला ताजा संत्रा नसतो किंवा नसल्यासारखा असतो. तुम्ही ताज्या गराची बर्फी करत असाल तर अंबियाची बर्फी आणि मृगाची बर्फी अशी दोन नावंच ठेवा, आणि मधे चक्क बंद ठेवा. हिवाळ्यात सांबार (कोथिंबीर) स्वस्त आणि कोवळा झाला की नागपुरात घराघरात सांबारवडीची आठवण निघते. ‘लवकर करा’ असं कोणी कोणाला सांगत नाही, तरी लोक वाट बघतात. विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी डिसेंबरमध्ये बाहेरगावची मंडळी येतात आणि परत जाताना काहीतरी नागपूरचं घेऊन जातात, नेमका तेव्हा अंबिया असतो. ‘यंदाच्या अंबियाचे शेवटचे दोन आठवडे’ हे वाक्य खरं आहे, कोणीही बाजारात जाऊन पडताळू शकतं, आणि त्याच्याइतकं जोराचं वाक्य तुमचा भाऊ कोणत्याही घड्याळाने तयार करू शकणार नाही. एक काळजी घ्या: फळ संपल्यावर साठवलेला गर, संत्र्यासारखं दिसणारं किन्नू किंवा इसेन्स वापरत असाल तर तेव्हा ‘अंबिया’ लिहू नका. नागपूरच्या संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या नावाखाली दुसरं फळ विकणं म्हणजे ज्या शेतकऱ्यांच्या जोरावर बर्फी चालते त्यांच्याशीच लबाडी.

आता घड्याळ आणि ते ‘14 जण’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला फसव्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात 13 प्रकार दिले आहेत आणि पहिलाच प्रकार खोट्या निकडीचा. माल आहे त्यापेक्षा कमी दाखवणं, वस्तूला नसलेली लोकप्रियता दाखवणं, दोन्ही त्यात येतं. ‘2 च खोल्या उरल्या, 30 जण पाहत आहेत’ अशा नमुन्याचं उदाहरणच तिथे दिलंय. हे फक्त मोठ्या वेबसाइटसाठी नाही, जाहिरात करणारे आणि विकणारेही त्यात आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत, पुढे 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहकाला 1915 वर फोन करून तक्रार करता येते. 2022 च्या जाहिरातविषयक तत्त्वांत याची दुसरी बाजूही आहे: मागणी मालापेक्षा जास्त होईल असा अंदाज असेल तर माल मर्यादित आहे हे जाहिरातीत स्पष्ट सांगायला हवं. म्हणजे तुमचे खरे 60 लिहिणं योग्यच आहे.

भावाला पेज करायचंच असेल तर त्यावर दोनच गोष्टी ठेवायला सांगा: ‘60 पैकी इतके शिल्लक’, जो आकडा तुम्ही वही बघून बदलाल, आणि ऑर्डर बंद होण्याचा वार व वेळ. पान पुन्हा उघडलं की नव्याने सुरू होणारं घड्याळ अजिबात नको. लोक ते दोनदा उघडून बघतात.

येत्या सोमवारच्या आधी ग्रुपवर एक मेसेज टाका, सफाई न देता: ‘गेल्या काही आठवड्यांत “10 डबे उरले” असं मी वारंवार लिहिलं, ते बरोबर नव्हतं. आजपासून आठवड्याला किती डबे आहेत ते सोमवारीच सांगेन आणि तेवढेच करेन.’ त्या काकूंना वेगळा फोन करा. त्यांनी विचारलं नसतं तर हे आणखी महिनाभर चाललं असतं.

पहिले दोन-तीन आठवडे 60 भरणार नाहीत, कदाचित 25 वर थांबतील. तेव्हा 25 च करा आणि शनिवारी ‘या वेळी 25 गेले’ असं लिहा. वहीत चार रकाने पाडा: जाहीर केलेले डबे, सोमवारी रात्रीपर्यंत गेलेले, एकूण गेलेले, आणि त्यातले किती जुन्या ग्राहकांचे. शेवटचा रकाना सर्वांत जास्त बघा. नवे लोक येतायत पण जुने परत येत नाहीत असं दिसलं, तर मेसेजमध्ये शोधू नका, घाण्यात शोधा.

लग्नाच्या किंवा कार्यालयाच्या 40-50 डब्यांच्या ऑर्डरला यातलं काहीच लावू नका. ती 60 मध्ये धरू नका, किमान दहा दिवस आधी मागा, वेगळ्या दिवशी करा आणि समोरच्याला भाव लिहून देऊन दोन दिवस विचार करायला द्या.